एकाच आईचं दुसरं सुतक

॥ श्री माउली प्रसन्न ॥

वडगाव, बेळगाव
मंगळवार (उपास आहे, चूल लवकर आवरली, म्हणून बसले)

चि. सौ. माधवी हिला जयामामीचे तोंडभर आशीर्वाद. तुम्ही मंडळी पुण्यात सुखरूप असाल, जावईबापूंची पाठ बरी असेल, सासूबाईंच्या डोळ्यांना आता दिसत असेल, असं धरून चालते. इकडे तुझ्या मामांचा खोकला होता तिथंच आहे, घरचे विणकामाचे माग चालू आहेत, मी उभी आहे आणि तुझी आई गेली. गेली हे तुला ठाऊक आहे, फोन मीच केला होता. तू "रॉंग नंबर" म्हणून ठेवलास, तेव्हाच ओळखलं की शेजारी सासूबाई बसलेल्या असणार. मी पुन्हा केला नाही. राग आला म्हणून नव्हे. एकदा मेलेल्या माणसाची बातमी दुसऱ्यांदा कशी ऐकून घ्यायची, हा तुझा पेच मला समजतो. त्यात माझाही हात आहे. म्हणूनच हे पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर टाकते. घरच्या पत्त्यावर तुझी आई लग्नाआधीच वारलेली आहे.

तुला सगळं आठवत असेल, तरी लिहिते, कारण आता आठवणारी माणसं कमी होत चालली. तुझं स्थळ टिळकवाडीच्या ज्या बाईंनी आणलं, त्या आमच्या ओसरीवर बसून म्हणाल्या, मुलगी लाखात एक आहे हो, पण आई तोंडाला रंग लावून गाणारी, सिनेमात नाचणारी, असं कळलं तर पुण्याची माणसं चहासुद्धा घेणार नाहीत. (नाचली ती कधीच नाही. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.) तुझे मामा खाली मान घालून बसले. मी देवाला दिवा लावायचं निमित्त काढून आत गेले. आणि तुझी आई, आमची बायाक्का, तांदळातले खडे वेचत होती, ती वर न बघता म्हणाली, "त्यात काय एवढं रं मारुती? पत्रिकेत कैलासवासी घाल की. मला मरायची लई सवय हाय." आम्ही हसलो. हसायला नको होतं. कारण हसल्यावर ती गोष्ट ठरूनच गेली. तू त्या वेळी दारात उभी होतीस. तू हसली नाहीस, पण नको असंही म्हणाली नाहीस. मीही म्हणाले नाही, त्यामुळे तुला बोलायचं तोंड मला नाही.

मरायची सवय मात्र खरी होती. जांबोटीला चिखलात गुडघाभर उभी राहून रोपलावणीची गाणी म्हणणारी पोरगी, निपाणीच्या एका नाटक कंपनीच्या मालकानं ऐकली आणि सुवर्णा जांबोटीकर झाली. तिथून जत्रांतून, तिथून कोल्हापूरला सिनेमात. पहिल्या सिनेमात तिचा गळा घेतला आणि पडद्यावर तोंड दुसऱ्या बाईचं, कारण ही काळी. पुढच्यात तोंड घेतलं आणि गळा मुंबईच्या बाईचा, कारण हिच्या बोलण्यात गावाकडचा हेल. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की ही बाई रडते छान. तेव्हापासून ही हिरोची आई. तिशीतली बाई, केसांना पीठ फासून (मी चाखून बघितलं होतं, चांगलं तांदळाचं, त्यात घरच्यांच्या भाकऱ्या झाल्या असत्या) मध्यंतराच्या आत मरायची. हिरो तिच्यापेक्षा वयानं मोठा, तिच्या मांडीवर डोकं ठेवून "आई, आई" करायचा, आणि त्याच्या टोपाचा कलप हिच्या लुगड्याला लागायचा. डायरेक्टर म्हणायचा, बाई, अजून थोडं मरा, रीळ शिल्लक आहे. ही पुन्हा डोळे उघडून सुनेला आशीर्वाद द्यायची आणि मग मरायची.

निपाणीच्या थेटरात आम्ही तुला तिचा सिनेमा दाखवायला नेलं होतं, तुला आठवतं का? पडद्यावर आईनं मान टाकली तशी तू अशी किंकाळी फोडलीस की वरचे पंखे थांबतील की काय वाटलं. आई तुझ्या शेजारीच बसलेली. तुला चिमटे काढून सांगते, "अगं, मी हितं हाय की गं!" आणि मागचा एक जण ओरडला, "ए बाई, गप की जरा, मरू दे तिला नीट!" तुझ्या आईनं मागं वळून त्याची माफी मागितली. मला वाटतं, तिच्या मरणावर विश्वास ठेवायचा नाही हे तू त्याच दिवशी शिकलीस.

लग्नात ती "जांबोटीची मावशी" म्हणून आली होती. पीठ नसल्यामुळे सिनेमातल्यापेक्षा तरुण दिसत होती, कुणी ओळखलं नाही. आणि पंगत बसल्यावर त्या स्पीकरवाल्याला नेमकं तिचंच गाणं लावायची बुद्धी झाली. तुझ्या सासूबाई वाटीतला घास हातात धरून म्हणाल्या, किती गोड गळा आहे हो, कोण ही? बायाक्का शेजारच्याच पाटावर होती. भात कालवत म्हणाली, "कोण की बाई. मेली असंल आता."

म्हातारपणी तिला कलावंतांचं मानधन मिळावं म्हणून मामांनी चपला झिजवल्या. सीमेपलीकडचे म्हणाले, बाई आमची, पण घर त्यांच्या राज्यात. अलीकडचे म्हणाले, घर आमचं, पण गाणं त्यांच्या भाषेत. म्हणजे एकाला गळा हवा, घर नको, दुसऱ्याला घर हवं, गळा नको. बायाक्का म्हणाली, सिनेमात असंच हुतं, त्यात नवीन काय.

मेली मात्र अगदी साधी. जन्मभर तालमी केल्या आणि वेळ आली तेव्हा एक वाक्य नीट नाही. सकाळी चहा मागितला, साखर बेताची घाल म्हणाली (मी नेहमी बेताचीच घालते, हे तिला टोचून बोलायचं होतं), मी कप घेऊन येईतो मान कलली होती. मी पण अशी निलाजरी, दारातूनच म्हटलं, "बायाक्का, पुरे आता, चहा निवतोय." चहा निवला. मग मी ओरडले.

रक्षाविसर्जन जांबोटीला, नदीकाठी केलं. आता इथून ऐक, कारण पत्र यासाठीच आहे. पेपरात फोटो आल्यामुळे (पांढऱ्या केसांचा, पिठाचाच) दोन्हीकडचे पुढारी हजर. मराठीवाले भावकू आणि कन्नडवाले ईरण्णा. जिवंतपणी तिच्या दारात एकानं पाऊल ठेवलं नव्हतं, आता दोघांच्या हातात हार, आणि एकाचा हार दुसऱ्यापेक्षा मोठा. मी निवद मांडला. भात, तिच्या आवडीचं वांगं, पानाचा विडा आणि बेळगावचा खव्याचा कुंदा. (कुंदा विकत आणला. म्हटलं, आज हात आखडायचा नाही.) आणि कावळा काही शिवेना. झाडावर बसून नुसता बघतोय. मामा म्हणाले, "आक्का, काय ऱ्हायलंय तुझं?" कावळा ढिम्म.

भावकू पुढं सरसावला. म्हणाला, "सुवर्णाताई, तुमच्या नावानं चौकात पुतळा उभारतो!" कावळ्यानं मान फिरवली. ईरण्णाला चेव आला. तो कन्नडमधून म्हणाला, रस्त्याला नाव देतो. कावळा फांदीवरून वरच्या फांदीवर गेला. भावकू म्हणाला, त्याला कन्नड कळत न्हाय. ईरण्णा म्हणाला, तुझं मराठी तरी कुठं कळलं? मग मानधन, मग सभागृह, मग दरवर्षी महोत्सव. कावळा नसता तर ही माणसं एकमेकांना शिवली असती. मामा मधे पडले, त्यांचा खोकला उसळला, सगळे त्यांना पाणी पाजायला धावले, आणि मागं बघतो तर कावळा खाली उतरून कुंद्यावर. आता भावकू सांगतो पुतळ्यामुळे, ईरण्णा सांगतो रस्त्यामुळे. पुतळाही नाही आणि रस्ताही नाही, हे तुला सांगायला नको.

तर असं सगळं व्यवस्थित पार पडलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तिची लुगडी मी वाटली, एक तुझ्यासाठी ठेवलंय, येशील तेव्हा ने. नाही आलीस तर त्याची गोधडी शिवेन, वाया जाणार नाही. घरच्या थोरांना नमस्कार सांग, म्हणजे सांगू नकोस, कुणाचा म्हणून विचारतील.

तुझी,
जयामामी

ता. क. व्यवस्थित पार पडलं असं वर लिहिलंय, ते तेवढं खरं नाही. सगळे मामांच्या खोकल्याकडे धावले तेव्हा मी एकटीच निवदापाशी होते. मी हात जोडून हळूच म्हटलं, "बायाक्का, माधवी तिच्या घरात सांगंल, आई तिची परवापर्यंत जित्ती हुती म्हणून." तेवढ्यात तो उतरला. तुला न विचारता तुझ्या नावानं बोलले. पण कावळ्याला दिलेला शब्द म्हणजे देवीपुढं दिलेला शब्द. वर्षश्राद्धाच्या आत सांग. पुढचं तू आणि ती.

ता. क. दुसरा. काल जावईबापूंचा फोन आला होता. पेपरातला फोटो कुणीतरी त्यांना मोबाइलवर पाठवला. म्हणाले, मामी, हे नाक-डोळे माधवीचेच आहेत. मला खोटं बोलवेना. होय म्हणून सांगून टाकलं. ते म्हणाले, ती हल्ली न्हाणीघरात नळ सोडून रडते आणि बाहेर येऊन साबण डोळ्यांत गेला म्हणते. मी विचारणार नाही, ती सांगेपर्यंत थांबेन, पण लवकर सांगितलं तर बरं, आम्हालाही सुतक धरता येईल. हे तुला बोलायचं नाही असं त्यांनी मला बजावून सांगितलंय. म्हणून मी बोलले नाही. लिहू नका, असं काही ते म्हणाले नव्हते.