पाखरीची मांडी

१७ नोव्हेंबर
वणीची वरात. पाखरी उजवा मागला पाय पुढं टाकते, मधूनच मागं खेचते, धप्पकन आपटते. पोरांच्या शिट्ट्या — "घोडी नाचतेय!" नाचते कसली! हा नाच मी शिकवलेलाच नाय. नवरदेवाला खाली उतरवला. तोंडं वाकडी झाली. होऊ देत.

१९ नोव्हेंबर
पिकअपमधून गंगापूर रोडच्या जनावरांच्या दवाखान्यात नेली. डॉक्टर हर्षालीबाई, माझ्या नातीएवढ्या. माझाच हात धरून मांडीवर ठेवला. आत दगड!
"काका, मास मरून त्याची दोरी झालीय. ती पाय मागं ओढते. इथं इंजेक्शनं कुणी दिली?"
आषाढात ताप होता तिला. पाच दिवस मीच टोचलं. गाईला टोचतो तसं.
"गोरक्षनं." निघूनच गेलं तोंडातून! गोरक्ष म्हणजे आमचा लगाम धरणारा.
"एकाच मांडीत ना?"
"हा. उजव्याच."
डावी बघायला गेल्या तर पाखरीनं लाथ उगारली. म्हणालो, "राहू द्या, ती चांगली हाय." किती ती चौकशी! कापायचं तर कापा.

२० नोव्हेंबर
कारभारीण मालन म्हणे, "घोडी बसली तर तुम्ही सकाळचं उठणार कशासाठी?" उगा रडगाणं. — भाकरी माझीबी तशीच राहिली.

२२ नोव्हेंबर
कापलं. उभ्यानंच, गुंगी देऊन. मांडी खाली संपते तिथली, पाय मागं ओढणारी आतली शीर तोडली. तोंडाशी गोरक्ष. दुसऱ्या कुणाला धरू देत नाय ती.
बाई त्याच्यावर उखडल्या. "पुन्हा सुई हातात धरू नका!"
त्यानं माझ्याकडं बघितलं. "बरं बाई." बास. माझं थोबाड फोडलं असतं तर बरं झालं असतं.

२३ नोव्हेंबर
उभी हाय. खात नाय.

२७ नोव्हेंबर
रोज चालवायची, नायतर परत आखडेल. गोरक्ष चालवतो. घोडीशी बोलतो, माझ्याशी नाय. देवा, एवढा पाय सोडव.

२ डिसेंबर
उजवा सरळ पडला! मालननं तांब्या ओवाळला. दहा पावलं गेली न् — धप्प. डावा.
पाचातली दोन इंजेक्शनं मी डाव्या मांडीत दिली होती.
गोरक्षला म्हणालो, "सुई माझी होती."
"मला काय सांगता, तात्या? तुम्ही टोचलं तेव्हा मी तिथंच होतो. बाईंना सांगा."