चंद्रावरच्या मातीसाठी लावलेलं बक्षीस

बाबा,

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं तेवढं लिहिते. तुमच्या माघारी मी जे काम धरलं ते ऐकून तुम्ही हसला असतात. चंद्रावर पुढेमागे वस्ती करायची तर तिथली माती खणणारं यंत्र हवं. ते स्वतः बनवत बसण्यापेक्षा आमच्या संस्थेने बक्षीस लावलं. आठ तास न अडकता जो पहिला खणून दाखवेल, सगळी रक्कम त्याची. नियम लिहायचं काम माझं.

भातकुलीकडच्या आपल्या शंकरपटात बैलजोड्यांची बक्षिसं भोंग्यावरून तुम्हीच पुकारायचात. एका वर्षी भर पटात अवकाळी पाऊस आला, शर्यत अर्ध्यात मोडली आणि बक्षीस लावणारे दुकानदार हळूच निघाले. मी तुमच्या शेजारी बसले आहे, आणि शहाणपणा करून म्हणते, "जाऊ द्या ना बाबा, शर्यत झालीच कुठं?" भोंगा चालू असतानाच तुम्ही मला झापता. "काहून जाऊ देऊ? या बोलण्यावर लोकाइनं सालभर जोड्या पोसल्या. बोललं ते द्याच लागते!" साऱ्या गावाने ऐकलं. दुकानदार मुकाट परत आले. मी मात्र आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही.

आता अकोटच्या कापसाच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये चार पोरं आमच्या बक्षिसामागे लागली आहेत. त्यांची म्होरकी एक मुलगी, पुण्याची नोकरी नाकारून आलेली. वीज केंद्रातली राखड आणून तिने शेडभर पसरली, तीच त्यांची चंद्राची माती. मी पाहायला गेले तेव्हा तिच्या भुवयासुद्धा राखाडी झाल्या होत्या.

मागच्या आठवड्यात संस्थेने बक्षीस मागे घेतलं. पैसे देणाऱ्यांचं मन फिरलं. मी खूप भांडले. तेव्हा त्यांनी माझ्याच नियमावलीतली ओळ मला वाचून दाखवली: बक्षीस केव्हाही, कारण न देता रद्द करता येईल. ती घाला म्हणाले, तेव्हा मी घातली होती. सगळेच घालतात, असं वाटलं. आता कुणाकडे दाद मागू? स्पर्धकांना कळवायचं कामही माझ्याकडेच आलं.

काल तिचा फोन आला. "मॅडम, आठ घंटे चालली जी मशीन! एकदाबी अटकली नाही. तुमी कवा येऊन राहिल्या पाहाले?" मागे पोरं ओरडत होती. सांगून टाकायचं म्हणूनच मी तोंड उघडलं.

"सोमवारी येते," म्हणाले.

उद्या सोमवार आहे, बाबा, आणि मी तिला अजून काहीच सांगितलेलं नाही.