मशीनची तक्रार

प्रिय बबडे,

फोनवर काही सांगायला गेलं की तू हसून विषय बदलतेस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्राला मध्येच तोडता येत नाही. काल तू गोड बातमी दिलीस आणि त्याच दमात म्हणालीस की केस मूठमूठ गळतायत, पंखा लावला की हुडहुडी भरते, जिना चढताना अर्ध्यात बसावं लागतं. वर आई म्हणते, दिवस राहिले की असंच व्हायचं. आईचं काय घेऊन बसलीस! लहानपणी मला ताप आला तरी ती म्हणायची, उन्हात खेळली असशील.

मलाही तिने हेच सांगितलं होतं. पहिल्या खेपेला सगळं संपलं तेव्हा घरभर चौकशी झाली, बादली कोणी उचलायला लावली, स्टुलावर कशाला चढलीस. अगं, मी दिवसभर लॅबमध्ये जगाचं रक्त काढते, पण माझं तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गेल्या वर्षी आमच्याकडे थायरॉइड तपासायचं नवीन मशीन आलं. असं काही आलं की आम्ही आधी स्टाफचंच रक्त लावून बघतो. सगळ्यांचे आकडे सरळ, माझा तिप्पट. मी काय केलं असेल? मशीनला नावं ठेवली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. मग इंजिनियरला बोलावून त्याची खरडपट्टी काढली. मशीन ठीक आहे, असं तो बिचारा दोनदा म्हणाला. मी माझ्या रक्ताची नळी कचऱ्यात टाकली आणि कामाला लागले.

तेव्हा मला सातवा आठवडा होता. हो, दुसऱ्यांदा. तुझे भाऊजी सोडले तर हे कुणालाच माहीत नाही. नऊ दिवसांनी तेही गेलं आणि तुम्हाला मी पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. थायरॉइडमुळेच झालं असं डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. पण रोज सकाळी उपाशीपोटी एक चिमुकली गोळी, एवढंच करायचं होतं गं. ते मी केलं नाही. फार रडले, आणि अजून चिडते.

म्हणून सोबत आमच्या लॅबची थायरॉइड तपासणीची चिठ्ठी ठेवलीय, तुझं नाव घालून. पत्र मिळेल त्याच दिवशी ये, उपाशी यायचीही गरज नाही. सुई मीच टोचणार. आणि आकडा चढा आला, तर या वेळी मशीनशी भांडणार नाही. तुला हाताला धरून डॉक्टरांकडे नेईन.

तुझीच,
तिरसट ताई