ऊब कुठे, किती

१४ एप्रिल २०१९, रविवार

आजपासून नोंदी. पेपरात छोटी जाहिरात आहे. पेडण्यातल्या नव्या बियर फॅक्टरीला टेस्टर हवेत. आठवड्याचे तीन दिवस. अनुभवाची अट नाही, फक्त ‘नेमके वर्णन करण्याची क्षमता’. ही ओळ वाचली आणि कात्री मागवली. बावीस वर्षे खाणीच्या वजनकाट्यावर ट्रक मोजले. ओल्या मातीची मूठ दाबून ओलावा सांगायचो. लॅबचा आकडा दुपारी यायचा. फरक पडला तर लॅबचा पडायचा.

खाण बंद होऊन वर्ष झाले. मेहुणा गोकुळदास म्हणतो, भावोजी, डिचोली बाजारात माझ्या दुकानात गल्ल्यावर बसा. सौ.चेही तेच. म्हणते, घरात बसून माझ्या आमटीचा ओलावा मोजता त्यापेक्षा बरे. मेहुण्याच्या गल्ल्यावर मी? सुकी मिरची आणि साबण विकायला? या जन्मी नाही.

संकल्प: टेस्टर व्हायचे.

१६ एप्रिल

झेरॉक्सवाल्याकडून इंटरनेटवरची बेचाळीस पाने छापून आणली. वाचल्यावर कळले की आजवर आपण बियर नुसती पीत होतो. चव हा किरकोळ भाग. खरी परीक्षा दोन रकान्यांची. एक, माउथफील: तोंडात ती कशी बसते, पातळ की दाट, टोचते की मऊ. दोन, अल्कोहोलची ऊब: गिळल्यावर कुठे लागते, किती टिकते. ऊब हवी, जळजळ नको.

मराठीत यावर काम झालेले दिसत नाही. म्हणजे आता जबाबदारी माझ्यावर.

१७ एप्रिल

माउथफीलची प्रमाणपट्टी तयार केली. १: सोलकढी. २: ताक. ३: पेजेवरचे निवळ पाणी. ४: पेज, शितांसकट. ५: नाचणीचे तिजण, म्हणजे दाट खीर. मधले दशांश मी अनुभवाने भरणार.

सौ.ने पट्टी वाचून विचारले, यात बियर कुठे आहे? मी पट्टी घडी करून वहीत ठेवली.

२० एप्रिल, रात्री ९.१०

प्रात्यक्षिक. पहिली बाटली: दाटपणा २.३. ऊब घशात, चार सेकंद. अक्षर सुवाच्य.

दुसरी: दाटपणा २.३ किंवा ३.२. ऊब सगळीकडे.

‘सगळीकडे’ हा शब्द नेमका नाही. उद्या पुन्हा.

२१ एप्रिल

मतदानामुळे ड्राय डे. तीन दिवस! अभ्यास करणाऱ्याची या राज्यात कदर नाही.

२५ एप्रिल

फॅक्टरीतून मालती मॅडमचा फोन. बियर त्याच बनवतात, टेस्टरही त्याच निवडणार. चाचणीला ७ मे जमेल की १४? मी ताबडतोब ७ म्हटले. उत्सुकता दिसली पाहिजे.

२ मे

घात झाला. सौ.ने चहा देताना सहज विचारले की यंदा व्रताला पाच तारखेपासून बसणार ना. नऊला शिरगावची जत्रा. मी लईराई देवीचा धोंड, जत्रेत निखाऱ्यांतून चालणारा व्रतकरी. एकवीस वर्षे व्रत मोडलेले नाही. पाच दिवस आंघोळ करून, मांडवात राहून, स्वतः रांधून खायचे. मासळी नाही, दारूचा थेंब नाही. आणि सात तारीख बरोबर मध्ये! मी तारीख पाहिली, तिथी पाहिली नाही.

सौ. म्हणाली, फोन करून चौदा घ्या. त्यात काय? तोंड आहे ना?

काट्यावर बावीस वर्षांत एक आकडा खोडला नाही. दिलेली तारीख मी बदलणार नाही.

५ मे

मार्ग सापडला: थुंकायचे. वाइनवाले थुंकतातच.

दुपारी. पान ३१ वाचले. बियर गिळावीच लागते, कारण ऊब घशाखाली कळते. हे पान आधी वाचायला हवे होते.

तरी मांडवात शंभूमामांना विचारून पाहिले. आमच्यात सर्वांत जुने धोंड तेच. आडूनच विचारले: समजा, कुणी औषध तोंडात घेतले आणि थुंकले, तर व्रत मोडते काय? मामांनी चुलीतले लाकूड पुढे सारले आणि विचारले, थंड करून पितात तेच औषध रे? मग म्हणाले, देवीक फसवशील एक वेळ, माका नाही. सगळा मांडव हसला. मी भात ढवळत राहिलो. खाली लागला.

६ मे

रात्रभर विचार. उत्तर माझ्याच धंद्यात होते. काट्यावर मी कधी चढत नसे. ट्रक काट्यावर उभा राहायचा, आकडा मी वाचायचो. तसेच इथे. पिणारा दुसरा, वाचणारा मी. गोकुळदासला निरोप पाठवला. त्याला बियरचे काही कळत नाही, हीच त्याची पात्रता. काट्याला मत नसते.

तो म्हणाला, फुकट असेल तर येतो.

७ मे, सायंकाळी

चाचणी उत्तम झाली.

मॅडम तिशीच्या, साध्या. त्यांना पद्धत समजावली. ट्रक, काटा, वाचक. त्या म्हणाल्या, या, बघू या. तीन ग्लास ठेवले. रंग पाहिला. वास घेणे व्रतात बसते की नाही याची खात्री नव्हती, म्हणून एकच नाकपुडी वापरली. थेंब बोटात चोळून २.७ सांगितले. मॅडमनी विचारले, २.७ काय? पट्टी दाखवली. तिजणाबद्दल त्यांना नवल वाटले.

मग गोकुळदास. पहिला ग्लास पिऊन म्हणाला, रात्री भातात घातलेलं पाणी असतं ना, तसं. मी लिहिले: ‘तनु, सौम्य.’ दुसऱ्याला म्हणाला, जिभेवर मऊ, पण दातांक धरता. काजूचो कच्चो बोंडू खाल्ल्यासारखी. मी लिहिले: ‘मृदू प्रारंभ, तुरट समाप्ती.’ तिसरा गिळून त्याने ग्लास खाली ठेवला. मी घड्याळ पाहिले. मग म्हणाला, घशात काहीच नाही हो. आता, आता कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मी लिहिले: ‘विलंबित ऊब, ऊर्ध्वगामी, दाटपणा ३.४.’

तिसरी सर्वांत कडक होती, आठ टक्के. घशाला कळू नये म्हणूनच ती महिनाभर मुरवली, असे मॅडम म्हणाल्या. त्यांनी गोकुळदासला पुन्हा एक घोट घ्यायला लावला. मग आणखी एक. माझा कागद त्यांनी फाइलमध्ये ठेवला, बहुधा जपून.

परतताना स्कूटरवर गोकुळदासला समज दिली की काट्याने इतके बोलू नये. तो बोंडूचेच सांगत होता.

निवड नक्की. प्रश्न फक्त पदनामाचा.

१० मे

जत्रा झाली. पहाटे निखाऱ्यांतून गेलो. देवीकडे नोकरी मागितली नाही. सात तारखेची फक्त आठवण करून दिली.

१३ मे, सकाळी ११.२०

मॅडमचा फोन! आवाजात आदर. म्हणाल्या, तुमच्या मेहुण्यांचा नंबर मिळेल का? मी ओळखले, काट्याची तपासणी नियमाने करावीच लागते. नंबर दिला. चूक नको म्हणून दोनदा सांगितला.

१४ मे

गोकुळदास आला. पेढे बाहेर स्कूटरलाच टांगून ठेवले होते, सौ.ने जाऊन आणले. उभ्याउभ्याच म्हणाला, भावोजी, मी नको म्हटलं हो. तुमचं नाव तीनदा घेतलं. मॅडम म्हणतात, त्यांचे शब्द आम्हाला कळत नाहीत, तुमचे कळतात. सोम, बुध, शुक्र.

मी म्हटले, अभिनंदन. बसायलाही सांगितले. दुसरे काय करणार?

तो बसला नाही. दुकानाची अडचण सांगू लागला, तीन दिवस शटर कोण उघडणार. सौ. म्हणाली, हे आहेत ना. मी म्हटले, विचार करतो. ती म्हणाली, विचार गल्ल्यावर बसून करा, तिथे पंखा आहे.

जाताना त्याने एक बाटली ठेवली. तिसऱ्या ग्लासातली. मॅडमनी माझ्यासाठी मुद्दाम पाठवली म्हणे.

१५ मे, बुधवार, सायंकाळी ७.४०

साडेआठला शटर उघडले. एका बाईला सुकी मिरची दिली. दमट लागली म्हणून ओलावा सांगितला. ती शेजारच्या दुकानात गेली.

घरी आल्यावर बाटली उघडली. व्रत नाही, ड्राय डे नाही. सौ. शेजारी गेली आहे. वही पुढ्यात.

दाटपणा ३ आणि ४ च्या मध्ये. इथवर ठीक.

ऊब. घशात पाहिली, नाही. छातीत नाही. घड्याळ लावून बसलो. दोन मिनिटांनी लागली. पट्टी काढली, बेचाळीस पाने काढली. गोकुळदासने वापरला नाही असा शब्द हवा, एवढेच. चार लिहिले, चारही खोडले. या वहीतली पहिली खाडाखोड.

८.३५. बाटली संपली.

ऊब कुठे: कानांच्या पाळ्या.