वानेऱ्याची जोड

उदगीर,
९ एप्रिल २०२५

सिंधुअक्कास,
भागवतचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. दाजी मजेत असतील, शिवांगीची परीक्षा चांगली चालली असेल. तू माझा फोन उचलत न्हाईस, म्हणून नायगावला हे पत्र पाठवून राहिलो. फाडायचं तर वाचून फाड.

दस्तगीरभाईच्या सोलारच्या दुकानात माझं झकास चाललंय. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला कोण विचारतं, म्हणायचीस ना? आता लोक नाव घेऊन बोलवतेत. परवाच एका गोठेवाल्याकडं गेलो होतो. गाव मागून सांगतो.

त्याची तक्रार अशी, की पॅनल एवढं मोठं, बॅटरी नवी कोरी, तरी गोठ्यातले पंखे पहाटेच्या आधीच बंद. गड्यानं पॅनल रोज धुतलं, वर लिंबू-मिरची बांधली. त्या लिंबाचीच सावली पॅनलवर पडून राहिली होती! मी आधी पाठीमागचं लेबल वाचलं. पॅनल छत्तीस व्होल्टवर चालणारं, बॅटरी बाराची. आणि मधला कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत करंट सोडणारी, भरली की थांबवणारी डबी, तो साधा पीडब्ल्यूएम.

"हिरवा दिवा लागतोय की," तो म्हणाला.

"दिवा लागतोय, पण पॅनलची निम्म्याहून जास्त ताकद वाया चाललीय, मामा."

"मामा कोणाला म्हणतो रे? दस्तगीरनं सांगितलंय मला. कॉलेजातून पळालेलं पोरगं मला शिकवणार?"

अक्का, माझं डोकं तुला ठाऊक हाय. स्क्रू पिळायचा पेचकस हातातच होता. पण दारातून कोणीतरी असं बघितलं, की मी तो गपचूप खाली ठेवला.

समोर त्याचा देवणी बैल बांधला होता. वानेरा, पांढरं अंग, काळं तोंड, हे एवढं वशिंड. मी विचारलं, "ह्याच्या जोडीला खुजा गोऱ्हा जुंपला तर?"

"येडा हायस का? ह्याला मान खाली घालून चालावं लागंल."

"तुमचा पीडब्ल्यूएम तेच करतो. पॅनलला बॅटरीच्या उंचीवर वाकवतो. एमपीपीटी म्हणून दुसरा कंट्रोलर येतो, तो पॅनलला त्याच्या उंचीनं चालू देतो आणि जादाचं व्होल्टेज करंटात बदलून बॅटरीला देतो."

तो बैलाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बसव."

घाईत मी पॅनलची वायर आधी उचलली. तोच दारातून आवाज आला, "आधी बॅटरी जोडा, मग पॅनल. भांडण मागून!"

बैलसुद्धा रवंथ करायचा थांबला. बाप वळला. "तुला गं काय ठाऊक?"

आता लपवून काय उपयोग, अक्का. गाव देवणी. माणूस शेषेराव. दारातली त्याची लेक तनुजा, जिच्यापायी तू माझ्यावर रुसलीस तीच. मी रोज फोनवर जे सांगत होतो, ते तिनं पाठ केलं होतं. देवणीची वाट धरणार न्हाई अशी तुझी शपथ घेतली होती, ती मोडली. शिव्या दे, पण पुढचं वाच.

मीटर लावला. आधी नऊ अँपियर दाखवत होता, आता बावीस! शेषेराव मीटरकडं कमी, माझ्याकडं जास्त बघून राहिले होते. म्हणाले, "फाटकावरच्या लहान पॅनललाबी हाच बसव."

"नको. ते बाराच्या बॅटरीसाठीच बनलंय. जोड बरोबर हाय, तिथं तुमचा साधाच बास."

"दुकानदार असून न्हाई म्हणतोस?" मग म्हणाले, "सकाळपस्तोर पंखे चालले तर बोलू. बंद पडले तर पुन्हा देवणीत दिसायचं न्हाई."

रात्री दुकानातच आडवा झालो, पण झोप कशाची लागते! दिवस उगवताना फोन वाजला. शेषेराव एवढंच म्हणाले, "ऐक." आणि फोन पंख्याखाली धरला. घर्रर्र, घर्रर्र! अक्का, लग्नातला बँडबी एवढा गोड वाजत नसंल. मी दुकानाच्या पायरीवर नाचलो. दस्तगीरभाई म्हणाले, "पागल हुआ क्या रे?" मी म्हणालो, "हौ भाई, पूरा!"

मग शेषेरावांनी विचारलं, "तुझ्या घरात मोठं कोण हाय?"

"माझी अक्का."

"तिला घेऊन ये. जोड लावायची तर बैलाला विचारून लावत नसतेत."

रविवारी मी नायगावच्या स्टँडवर येतो. तू जरीकाठाची नेसून तयार राहा. रागावलेली असलीस तरी चालंल, रस्ताभर रागाव.

शपथ मोडलेला, पण ह्या वेळी डोकं जाग्यावर ठेवलेला,
तुझाच धाकटा
भागवत