लाल रंगातलं घर

दादा,

आमच्या विमा कंपनीचा हवामान अहवाल मीच लिहिला. ‘कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणलं,’ असं त्यात ठळक छापलंय. मोजले फक्त ऑफिसातले दिवे आणि विमानप्रवास. आम्ही विमा उतरवतो त्या कोळशाच्या वीजकेंद्रांचा धूर हिशेबात धरलाच नाही. साहेब म्हणाले, “तो धूर त्यांचा, आपला कसा?”

काल त्यांनीच पुराचा नवा नकाशा पुढे सरकवला. पुढच्या वर्षीपासून विमा नाकारायची घरं लाल रंगात होती. त्यात तुझंही होतं. मी त्यावर सही केली. बाहेर बोलले तर नोकरी जाईल, म्हणून हे पत्र पाठवायचा धीर नाही.

आत्ताच वहिनीचा फोन आला. “बाळाचा पाळणा नदीकडच्या खोलीत लावलाय गं, वारा छान येतो.”

मी म्हटलं, “बरं केलंत.”

तुझी धाकटी