गुरुवारची बाजू

प्रिय मास्तर,

पाकिटावरचं अक्षर बघूनच ओळखलं असशील, आणि न उघडता ठेवून द्यावं असंही एकदा मनात येऊन गेलं असेल. ठेवू नकोस. माझं अक्षर म्हणजे चिखलातून रणगाडा गेल्याच्या खुणा, असं तू नेहमी म्हणायचास, म्हणून आज सावकाश लिहितोय. दीड वर्ष गप्प बसलेल्या माणसाला आता कसली घाई?

आधी इकडची खबर. वाचनालयासमोरचं आपलं बाकडं जागेवर आहे. तुझ्या बाजूची फळी हलायला लागली होती, तिला मी दोन स्क्रू मारले. सवयीने मी अजूनही डाव्या टोकालाच बसतो, आणि उजवीकडे कोणी येऊन टेकलं की मला उगाच राग येतो. पूर्वी पेपर आला की पहिलं पान मी ओढायचो आणि मधली पानं तू. आता अख्खा पेपर माझ्या एकट्याच्या मांडीवर पडतो आणि माझ्याच्याने तो वाचवत नाही. परवा ग्रंथपालबाईंनी विचारलं, "काका, तुमचे भांडायचे मास्तर कधी येणार?" मी म्हटलं, मुलाकडे गेलेत, तिकडे दुसरं कोणीतरी सापडलं असेल भांडायला. सापडलंय का रे? नसेल सापडलं तर मला बरं वाटेल, इतका मी वाईट माणूस आहे.

तू शाळेतून निवृत्त झालास आणि मी फौजेच्या वर्कशॉपमधून, त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं आपण एकाच विषयावर भांडलो. सरकारने पैसा फौजेला द्यावा की शाळा-दवाखान्यांना? तू तुझी एका वर्गातली एकसष्ट पोरं काढायचास, मध्ये फळा उभा करून दोन इयत्ता एकदम शिकवल्याचं सांगायचास. मी माझी बर्फातली चौकी काढायचो. खर्चकपातीत सुटे भाग आले नाहीत, रणगाड्याची साखळी तुटली, तिघं जण दोन दिवस त्या लोखंडी पेटीत अडकले आणि एकाची पायाची बोटं कापावी लागली. तू म्हणायचास, "तुझं ते लोखंड, माझी ती पोरं." मी म्हणायचो, "घराला दारच नसेल तर पोरं निजवणार कुठे?" दोघंही पालथ्या घड्यावर पाणी ओतत होतो, पण ओतायला मजा यायची, हे तूही कबूल करशील.

शेवटी वहिनी वैतागल्या. चहाचे कप आपल्यापुढे आदळून म्हणाल्या होत्या, "रोज तेच ते ऐकून माझे कान किटले. गुरुवारी वाचनालय बंद असतं, हातात पेपर नसतो, त्या दिवशी तरी बाजू बदला की!" तेव्हापासून गुरुवारी तू फौजेचा वकील आणि मी शाळा-दवाखान्यांचा. पहिल्या गुरुवारी तू माझी बर्फातली चौकी अशी रंगवलीस की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र एकसष्ट पोरांची एकाहत्तर केली, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. तो नियम त्यांचा होता, मास्तर. हे मी विसरायला नको होतं.

आता मोठी बातमी. शाळेजवळच्या चौकात फौजेकडून एक जुना रणगाडा आलाय. रणगाडा फुकट मिळाला, पण त्याच्यासाठी चौथरा, कठडा आणि दिवे नगरपालिका करणार. मला बोलावलं होतं, रंग कुठला द्यायचा ते सांगायला. जवळ गेलो तर आपलाच जुना प्रकार निघाला, मी शेकड्याने उघडलेला. इंजिन काढून घेतलंय, तोफेची नळी बंद केलीय, आणि त्याच्या पोटाखाली एक कुत्री पिल्लं घेऊन निजलेली. मी साखळीवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. तू असतास तर म्हणाला असतास, आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी कामाला आला.

त्यावर सभा झाली. आपल्या दवाखान्यात डॉक्टर अजूनही आठवड्यातून तीनच दिवस येतो, हे तुला ठाऊकच आहे. फौजी म्हणून मला व्यासपीठावर बसवलं, चार शब्द बोला म्हणाले. मी उठलो रणगाड्याविषयी बोलायला आणि तोंडातून निघाली माझी गुरुवारची, म्हणजे तुझीच बाजू. चौथऱ्याच्या खर्चात दवाखान्यात उरलेले दिवस डॉक्टर बसवा, पोरांना बघायला लोखंड नको, तपासायला माणूस हवा. मध्येच थांबून मी तुझ्यासारखा चष्माही पुसला म्हणे. मागून कोणीतरी ओरडलं, "फौजी असून असं बोलता? लाज नाही वाटत?" वाईट त्याचं वाटलं नाही. वाईट याचं वाटलं की दुसऱ्या बाजूने नीट बोलणारं एकही माणूस त्या सभेत नव्हतं. घोषणा देणारे होते, पण त्या चौकीतल्या तिघांना कोणी ओळखतही नव्हतं. मला राहवेना. मी पुन्हा उभा राहिलो आणि माझंच म्हणणं खोडायला लागलो, बर्फ, साखळी, बोटं, सगळं सांगितलं. लोक हसायला लागले. अध्यक्ष म्हणाले, "काका, एक काय ती बाजू धरा." मी खाली बसलो. भरल्या सभेत इतकं एकटं मला बर्फातसुद्धा कधी वाटलं नव्हतं.

आता ज्यासाठी एवढा लांबचा फेरा घातला तिथे येतो. वहिनींना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते, आपण जेमतेम पुन्हा बाकड्यावर बसायला लागलो होतो, आणि तो गुरुवार होता. तू माझी बाजू इतकी सुरेख मांडत होतास की मी हरत चाललो होतो. हरायला आवडत नाही मला, तुला माहीत आहे. आणि मी बोलून गेलो की एका रणगाड्याच्या पैशात आपल्या दवाखान्यात रोज डॉक्टर बसला असता, आणि तुझी बायको आज घरी चहा करत असती. तू चष्मा खिशात ठेवलास, उठलास आणि आठ दिवसांत मुलाकडे निघून गेलास. मी स्वतःला समजावत राहिलो की गुरुवार होता, ती माझी बाजू नव्हतीच, खेळाचा नियमच तसा. अरे, कसला नियम! त्यांच्याच नियमाच्या आड लपून मी त्यांचं मरण पत्त्यासारखं टाकलं. माझं चुकलं, मास्तर. तेव्हाच तुझ्या मागे धावत येऊन हे सांगायला हवं होतं.

पण एवढ्यासाठी मी आज पत्र लिहायला बसलो नसतो, माफी मागायची हिंमत दीड वर्षात झाली नव्हती ती आजही झाली नसती. मंगळवारी मी कानाचं यंत्र घ्यायला पुलापलीकडच्या फौजी इस्पितळात गेलो होतो. तो रस्ता तुला आठवत असेल. त्या दुपारी दवाखाना बंद होता, आपण मोठ्या गावच्या इस्पितळाकडे निघालो होतो, मी पुढे ड्रायव्हरशेजारी आणि वहिनी मागे तुझ्या मांडीवर डोकं ठेवून. फौजी इस्पितळाचं फाटक दिसलं तेव्हा तू विचारलंस, "इथे घेणार नाहीत का रे?" माझं फौजेचं कार्ड माझ्या खिशात होतं. मी मान न वळवता म्हणालो, "नाही घेत, नियम आहे." तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि गाडी पुढे गेली, अजून दीड तास रस्ता होता, आणि त्यांना तेवढा वेळ मिळाला नाही. मंगळवारी यंत्राचे कागद होईपर्यंत मी तिथल्या कारकुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो मान वर न करता म्हणाला, "जिवावरचं असेल तर कोणालाही घेतो, आजोबा. पहिल्यापासून." मी तीस वर्षं त्या फौजेत होतो आणि हे मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं तर फाटकाशी उतरून विचारायचं होतं, तेही मी केलं नाही. खाटा होत्या, डॉक्टर होता, माझ्याच बाजूच्या पैशातून बांधलेलं इस्पितळ घरापासून वीस मिनिटांवर होतं. आणि त्या गुरुवारी मी रणगाड्याला दोष देत होतो. तू तेव्हा नुसतं "फाटक" एवढा एक शब्द म्हणाला असतास तरी मी जमिनीत गेलो असतो. तू तो आधी कधी म्हणाला नाहीस, त्या दिवशीही नाही. आता खरं काय ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं, दुसऱ्या कोणाकडून नको, म्हणून लिहिलं. उत्तर पाठवलं नाहीस तरी मी समजेन. पण आलास तर गुरुवारी ये, वाचनालय बंद असतं. मी कानात यंत्र घालून डाव्या टोकाला बसलेला असेन. तुला जे बोलायचं असेल ते बोल, हवं तेवढं बोल. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
फौजी